पाच माणसांचं आडनाव

बाइंडरने वाचायचं नसतं. पानं मोजायची, फाटलेली चिकटवायची, सुई ओवायची, टाके घालायचे, पुठ्ठा चढवायचा आणि वही परत करायची. आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने बघावं. म्हाताऱ्याला हे त्याच्या बापाने शिकवलं होतं आणि बापाला आजोबांनी. सत्तेचाळीस वर्षं त्याने हा नियम पाळला. तिसरीतून शाळा सुटलेल्या माणसाला तो पाळणं जडही गेलं नाही.

मोडला तो एकदाच.

नोंदणी कचेरीच्या तळघरात, जिन्याखाली, त्याची खोली होती. एक लांब टेबल, एक स्टूल, पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र आणि पानं चिकटवायची खळ शिजवायला शेगडी. खिडकी एकच, तीही छताजवळ. तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत. तो रिटायर झाला तेव्हा कचेरीने निरोप समारंभ केला, हार घातला आणि पुढच्याच महिन्यात परत बोलावलं. जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं सुटी व्हायला लागली होती आणि ती बांधणारा दुसरा कोणी नव्हता. कचेरीतली माणसं त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे खळकाका. त्याला दोन्ही माहीत होतं.

गरीब माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. म्हाताऱ्याकडे मिरवायला आडनाव होतं. ते इथे सांगत नाही. सांगून कोणाचं भलं झालेलं नाही. पण तसं आडनाव दुसऱ्या कोणाचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. आजोबा सांगायचे, “मी या गावात आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याकडे काही नव्हतं. कचेरीतल्या खिडकीवर आडनाव विचारलं. तेही नव्हतं. तोंडात आलं ते सांगितलं.” म्हणजे आडनाव कोणाकडून आलेलं नाही, आजोबांनी घडवलेलं आहे. म्हातारा हे सांगायचा तेव्हा त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

त्या सोमवारी सकाळी तो जन्मनोंदणीचा कोरा फॉर्म आणायला वरच्या मजल्यावर गेला. सुनेचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता.

रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई तिशीच्या होत्या. बोलायला मोकळ्या, कामाला चोख. त्या हसायला लागल्या.

“अहो काका, बाळाला तरी येऊ द्या आधी.”

“येणारच आहे. फॉर्म घरात असला की धावाधाव नको.”

“आणि जुळं झालं तर?”

“तर दुसरा न्यायला येईन. पाय आहेत मला.”

बाईंनी फॉर्म काढून दिला. मग म्हणाल्या, “बरं झालं आलात. तुमचं आडनाव सापडलं मला.”

“हरवलं होतं कधी?”

“तसं नव्हे हो. वरून हुकूम आलाय, गावात कोणत्या आडनावाची किती माणसं हयात आहेत त्याची यादी करा. दर दहा वर्षांनी करतात. सगळ्यात जास्त असलेलं आडनाव अकरा हजार चारशे माणसांचं. ती पानं लिहिताना बोटं आखडली माझी. आणि सगळ्यात कमी तुमचं. पाच.”

“पाचच आहोत,” म्हातारा म्हणाला. “मी, बायको, मुलगा, सून आणि नात. आजोबांनी घडवलेलं आडनाव आहे. दुसऱ्याचं असेल कसं?”

बाईंनी कपाटातून जुन्या याद्यांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर एकेक मांडत गेल्या.

“दहा वर्षांपूर्वी पाच. त्याच्या आधी पाच. त्याच्याही आधी पाच. काका, तुमचे आजोबा या गावात आले त्याच्या आधीच्या चार याद्या आहेत माझ्याकडे. त्यांतही हे आडनाव आहे.”

“किती?”

“पाच.”

“चूक असेल.”

“चूक एका यादीत असते. सगळ्या याद्यांत तीच चूक कशी असेल?”

“लिहिणारे तुम्हीच ना? मग चुकणारेही तुम्हीच,” असं म्हणून म्हाताऱ्याने फॉर्मची घडी केली आणि तो जिना उतरला. बाईंना राग आला नाही. खळकाकाचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता.

पण पायात कुसळ मोडावं तसं ते त्याच्या मनात रुतून बसलं. आजोबा खोटं बोलणारे नव्हते. आणि आजोबांच्याच काळातलं रजिस्टर त्या आठवड्यात बांधणीसाठी त्याच्या टेबलावर आलेलं होतं. पाठ उसवलेली, दोनशे बारा पानं.

मंगळवारी दुपारी त्याने खोलीचं दार लावलं, चष्मा पुसला आणि नियम मोडला.

त्याला वाचायला वेळ लागत होता. एकेका ओळीवर बोट ठेवून तो जात होता. शेगडीवर खळ रटरटत होती. खोलीत तिचा आंबूस वास भरला होता. खिडकीतून पाय जात होते, बूट, चपला, एखादी काठी. चार वाजण्याच्या सुमाराला त्याला आपलं आडनाव सापडलं.

आजोबांच्या आधी त्या आडनावाचं एक घर गावात होतं. म्हातारा, त्याचा मुलगा, मुलाची बायको, त्यांची तान्ही पोर आणि म्हाताऱ्याची लग्नाची मुलगी. पाच. मुलीचं लग्न झालं, तिचं आडनाव बदललं. तशी नोंद होती. उरले चार.

त्या नोंदीच्या बरोबर खालची ओळ आजोबांची होती. तारीख तीच.

मूळ गाव: माहीत नाही. जन्म: माहीत नाही. वय: अंदाजे तीस. धंदा: पुस्तकबांधणी.

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुन्हा घातला आणि पुढे वाचत गेला. आजोबांचं लग्न झालं. आजी त्या आडनावात आली. चौथ्या दिवशी त्या दुसऱ्या घरातला म्हातारा वारला. वर्षाने बाप जन्मला. तिसऱ्या दिवशी त्या घरातली चार वर्षांची पोर वारली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, झोपेत.

त्यापुढे पंचवीस वर्षं काही नव्हतं. ते नवराबायको तसेच जगले. त्यांना पुन्हा मूल झालं नाही. मग बापाचं लग्न होऊन आई घरात आली, आणि तिकडची बाई गेली. थोरला भाऊ जन्मला, दोन दिवसांनी तो नवराही गेला. रजिस्टर तिथे संपत होतं. त्या घराची दारं कायमची लागली होती. आडनावाची पाचही माणसं आता आजोबांच्या घरातली होती.

पुढचं वाचायला म्हाताऱ्याला रजिस्टर लागलं नाही. ते त्याच्या घरातच घडलेलं होतं. तो स्वतः जन्मला त्याच आठवड्यात आजी गेली. “तू आलास आणि तिने जागा करून दिली,” असं आई लाडाने म्हणायची. त्याचं लग्न झालं आणि आजोबा गेले. मुलगा झाला, बाप गेला. सून घरात आली, आई गेली. आई पंचाण्णवची होती, कोणाला नवल वाटलं नाही. चार वर्षांपूर्वी नात झाली आणि तिसऱ्या दिवशी बिनलग्नाचा थोरला भाऊ खुर्चीत बसल्याबसल्या गेला. हातात चहाचा कप तसाच होता, सांडलाही नव्हता. लोक म्हणाले, सोनं झालं.

जाणारा दरवेळी म्हाताराच असतो असं नाही. ती पोर चार वर्षांची होती.

नातही चार वर्षांची होती.

म्हातारा उठला आणि त्याने शेगडी विझवली. खळ करपली होती. सत्तेचाळीस वर्षांत त्याची खळ कधी करपली नव्हती.

घरी हे सांगण्यासारखं नव्हतं. मुलगा कारखान्यात लेथवर काम करायचा. हाताला लागेल तेच खरं मानणारा. तो म्हणाला असता, बाबा, तुम्ही दोन दिवस आराम करा. रात्री जेवताना म्हाताऱ्याने एकेकाकडे पाहिलं. बायको, मुलगा, अवघडून बसलेली सून आणि ताटातला भात एका बाजूला ढकलून त्याचे डोंगर करणारी नात.

“काय मोजताय?” बायकोने विचारलं.

“कुठे काय?”

“पानं मोजल्यासारखं बघताय आमच्याकडे. जेवा आता.”

आपणच गेलो तर प्रश्न सुटेल, हे त्याला सुचलं नाही असं नाही. त्याचं वय शहात्तर. पण कोणी जायचं ते त्याच्या हातात नव्हतं. त्याच्या हातात होतं ते एवढंच, की आडनावातून एक माणूस कमी करायचा. मरून नव्हे. त्या लग्न झालेल्या मुलीसारखा.

तो रात्रभर जागा होता, पण विचार करत नव्हता. विचार जेवतानाच झाला होता. फक्त आजोबा डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

बुधवारी अकरा वाजता तो वरच्या मजल्यावर गेला.

“आडनाव बदलायचा फॉर्म दे.”

“कोणाचं बदलायचंय?”

“माझं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “काका, सोमवारी मी बोलले ते लागलं का तुम्हाला? अहो, मी सहज...”

“फॉर्म दे.”

“नवीन आडनाव कोणतं लावताय?”

“ते अकरा हजारांचं.”

“त्यात? ज्याला काही सुचत नाही त्याचं आडनाव ते!” बाईंनी हसायचा प्रयत्न केला. “आणि काकूंचं?”

“तिचं राहू दे तसंच.”

“म्हणजे नवरा एका आडनावाचा आणि बायको दुसऱ्या? या वयात लोक काय म्हणतील?”

“या वयात लोक काही म्हणत नाहीत. नोंद कधी होईल?”

“आता, तुमच्यासमोर.” बाईंनी रजिस्टर उघडलं. त्याने वेड्यावाकड्या अक्षरात सही केली. अर्ध्यात आल्यावर हात जुन्या आडनावाकडे वळत होता, तो त्याने थांबवला. बाईंनी शिक्का मारला. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्याला वाटलं होतं, काहीतरी तुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. उलट जिना उतरताना अंगावरून जुना जड कोट काढल्यासारखं हलकं वाटलं. आता आडनावात चार होते. बाळ आलं की पाच. कोणी कुठे जायचं कारण नव्हतं. खाली जाऊन त्याने नवी खळ शिजवली, रजिस्टरची पाठ साफ केली आणि जेवणाचा डबा शेवटच्या घासापर्यंत संपवला.

चार वाजता बाई स्वतः तळघरात आल्या. हातात एक अर्ज होता.

“काका, मजा बघा. तुम्ही जागा सोडली आणि लगेच कोणीतरी भरली.”

“कसली जागा?”

“मी चहाला गेले होते, साडेअकराच्या सुमाराला. परत आले तर खिडकीत हा अर्ज. नवीन माणूस गावात राहायला आलाय, नाव नोंदवा म्हणतो. आडनाव बघा.”

म्हाताऱ्याने पाहिलं. त्याखालच्या ओळीही पाहिल्या. मूळ गाव: माहीत नाही. जन्म: माहीत नाही. वय: शहात्तर. धंदा: पुस्तकबांधणी.

“पत्ता?”

“पत्ता कचेरीचाच टाकलाय. वेंधळा दिसतोय म्हातारा. पण अर्ज नीट भरलेला, मी नोंद करून टाकली. आणि हे बघितलंत का?” बाईंनी अर्जाचा कोपरा वर केला. “पानांना टाचणी लावलेली नाही. दोऱ्याने टाका घातलाय. मला वाटलं तुम्हीच दिलात की काय शिवून.”

त्याने तो टाका बोटाने चाचपला. शेवटची गाठ डावीकडून फिरवून पाठीमागे दडवलेली होती. कापल्याशिवाय न सुटणारी. ती गाठ आजोबांची. आजोबांनी ती बापाला शिकवली, बापाने त्याला. मुलगा लेथवर गेला, त्यामुळे ती पुढे कोणाला शिकवायची राहून गेली होती. त्या गाठीचा दोरा अजून ओलसर होता. मेण चोळलेला दोरा ओठांतून ओढून घ्यायची त्याची स्वतःची सवय होती, तसा.

तेव्हा त्याला आपली चूक कळली, आणि ती त्याच्याच धंद्यातली चूक होती. वहीतून पान काढायचं असेल तर आधी त्या जागी कोरं पान घालायचं. नाहीतर पाठ ढिली पडते आणि शेजारची पानं निसटतात. पहिल्याच आठवड्यात बापाने हे कान पिळून शिकवलं होतं. त्याने पान काढलं, पण बाळ यायच्या आधी काढलं. जागा मोकळी ठेवली. ते आडनाव जागा मोकळी ठेवत नाही, हे तर त्याने कालच वाचलं होतं. आजोबा असेच आले होते.

“माझा अर्ज रद्द कर,” तो म्हणाला. आणि लगेच म्हणाला, “नको. राहू दे.”

परत गेला असता तर तोच सहावा झाला असता.

“काका, बरं वाटत नाही का तुम्हाला?” बाईंनी विचारलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मुलगा होता.

“बाबा, हिला दवाखान्यात घेऊन चाललोय. तुम्ही घरी या. आई एकटी आहे पोरीजवळ.”

गुरुवारी सकाळी आठ वाजता नातू झाला. वजन चांगलं होतं, रडणं त्याहून चांगलं. मुलगा फोनवर हसत होता आणि बोलता बोलता रडत होता. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “नोंद झाली?”

“झाली हो! तुम्ही आणलेलाच फॉर्म भरला. दवाखान्याचा माणूस देऊनही आला.”

सहा झाले.

गुरुवार, शुक्रवार तो घराबाहेर पडला नाही. कामावर निरोपही धाडला नाही. तो नातीला नजरेआड होऊ देत नव्हता. ती बसली की तो बसायचा, ती उठली की उठायचा. तिच्या घासाबरोबर त्याची नजर ताटातून तिच्या तोंडापर्यंत जायची. ती झोपली की उशाशी बसून तो तिचा श्वास ऐकायचा.

“आजोबा, तुम्ही चोर आहात का?” नातीने विचारलं.

“का गं?”

“मग पोलिस आहात?”

“पोलिस.”

“मग मी चोर,” असं म्हणून ती टेबलाखाली लपली, आणि शहात्तर वर्षांचा म्हातारा गुडघे टेकून टेबलाखाली शिरला.

बायकोला शुक्रवारी दुपारी कळलं. रेकॉर्डवाल्या बाईंनी काळजीपोटी फोन केला होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“आडनाव बदललंत म्हणे.”

त्याने नातीवरची नजर हलवली नाही.

“बावन्न वर्षं ऐकतेय, आमच्या आजोबांनी घडवलेलं, आमच्या आजोबांनी घडवलेलं. मी माहेरचं टाकून ते लावलं. आणि तुम्ही जुनी चप्पल काढावी तसं काढून टाकलंत? मग आता मी कोण तुमची? भाडेकरू?”

“नंतर सांगतो.”

“नंतर कधी?”

“चार दिवस जाऊ देत.”

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बावन्न वर्षांत तिने त्याला चिडलेलं, रुसलेलं, आजारी, सगळं पाहिलं होतं. घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ती येऊन त्याच्या शेजारी बसली आणि दोघं मिळून नातीकडे बघत राहिले.

शनिवार तिसरा दिवस. सून आणि बाळ सकाळी घरी आले. म्हाताऱ्याने सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं. का, ते सांगितलं नाही. बाळ झोपलं होतं. नात त्याच्या मुठीत आपलं बोट घालून बसली होती. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढत होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. बारा वाजले. साडेबारा. एकला पाच कमी असताना नातीचे डोळे मिटायला लागले आणि तिची मान एकदम खांद्यावर कलली.

“ए पोरी!” म्हातारा ओरडला.

ती दचकून जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं. बाळही उठलं. सून चिडली. “बाबा, अहो झोप आली तिला! एवढं काय ओरडता?”

तेवढ्यात फोन वाजला.

मुलाने घेतला. “हो... हो, आमचंच आडनाव... नाही, आमच्याकडे सगळे घरीच आहेत... कुठे?... येतो.”

त्याने फोन ठेवला. “बाबा, तुमच्या कचेरीतून होता. तुमच्या खोलीत कोणी माणूस मरून पडलाय. खिशात आपल्या आडनावाचा कागद सापडला म्हणून आपल्याला फोन केला. खोलीला बाहेरून कुलूप होतं म्हणतात. खळ करपल्याचा वास आला म्हणून पहारेकऱ्याने तोडलं.”

म्हाताऱ्याने खिशात हात घातला. किल्ली त्याच्याकडेच होती. दुसरी किल्ली नव्हती.

“मी जाऊन येतो,” मुलगा म्हणाला.

“जा,” म्हातारा म्हणाला. त्याला लाज वाटली, पण पहिल्यांदा वाटलं ते हेच, की सुटलो.

मुलगा पाचच्या सुमाराला आला. पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायला आणि अर्धा हातात धरून बसला. बायका बाळापाशी होत्या. खोलीत दोघंच होते.

“कोण होता?” म्हाताऱ्याने विचारलं.

“म्हातारा होता.”

“कसा गेला?”

“स्टुलावर बसल्याबसल्या. हातात सुई होती. काम करता करता डोकं टेबलावर टेकलं असावं... झोपल्यासारखा.”

“ओळखीचा?”

मुलगा पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “बाबा... तुम्ही तीन दिवस घराबाहेर गेला नाहीत ना?”

“नाही. आईला विचार.”

“विचारलं मघाशी.”

“मग?”

“मला सही करावी लागली. त्या आडनावाचे आपणच म्हणून...”

“नातं काय लिहिलंस?”

मुलगा उठला, जवळ आला आणि त्याने म्हाताऱ्याचा उजवा हात हातात घेतला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. पहिलं बोट सरळ केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

सत्तेचाळीस वर्षं दोरा ओढून त्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर एक खाच पडली होती. खोल, काळपट, नखाने खरवडली तरी न दुखणारी. मुलगा लहान असताना त्या खाचेत काडी ठेवून खेळायचा.

“त्याच्या बोटाला होती,” मुलगा म्हणाला. “इथेच... अगदी इथेच.”

मुलाच्या हातातलं बोट मात्र गुळगुळीत होतं. कधी दोरा न धरलेल्या माणसाचं असावं तसं.

आतून नातीच्या हसण्याचा आवाज येत होता.

सोमवारी म्हातारा कामाला गेला. बाईंनी जिन्यातच गाठलं आणि सांगितलं, त्या माणसाची सगळी व्यवस्था झाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, यादीही पूर्ण करून वर पाठवली. त्याने आकडा विचारला नाही. खोलीला नवीन कुलूप होतं. शेगडी घासून ठेवलेली होती. टेबलावर आजोबांच्या काळातलं ते रजिस्टर होतं. त्याने बुधवारी अर्धवट सोडलेलं, आता पूर्ण बांधून तयार. टाके एकसारखे, गाठी डावीकडून फिरवून पाठीमागे दडवलेल्या. त्याने स्वतः केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं.

शेजारी दुसरं रजिस्टर ठेवलं होतं. त्याने सुई ओवली आणि पहिला टाका ओढला. दोऱ्याने बोट कापलं. नवशिक्याचं कापतं तसं. त्याने बोट तोंडात धरलं, मग गाठ मारायला घेतली. दोरा डावीकडून फिरवायचा, हे त्याला माहीत होतं. पुढे काय करायचं ते हातांना माहीत नव्हतं.

खिडकीतून पाय जात होते. मग त्याने बांधून झालेलं रजिस्टर जवळ ओढलं आणि बाइंडरने करायचं तेवढंच केलं. पानं मोजली. दोनशे बारा. बरोबर होती.

मोजताना एका पानावर त्याचं बोट थांबलं होतं. तिथे तो परत आला. त्या पानावर आजोबांची नोंद होती. मूळ गाव माहीत नाही, जन्म माहीत नाही. त्याने स्वतः मंगळवारी वाचली होती.

आता ते पान कोरं होतं. त्यावर शाईचा ठिपकाही नव्हता. जुनं पान कुठे गेलं ते त्याने टेबलाखाली, कचऱ्याच्या डब्यात, शेगडीच्या राखेत, सगळीकडे पाहिलं. सापडलं नाही.

त्याने रजिस्टरच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ जराही ढिली नव्हती.